विद्रूप : हिशेब मागणारा शब्द

आमच्या नवी मुंबईत परवानगीशिवाय भिंतीवर पोस्टर चिकटवले, की त्याला ‘विद्रूपीकरण’ म्हणतात. शब्द कचेरीतला वाटतो. पण त्याच्या पोटातला ‘विद्रूप’ आपला रोजच्या बोलण्यातला.

संस्कृतच्या नियमाने ‘वि’ आणि ‘रूप’ मिळून ‘विरूप’ होते. ‘तद्रूप’, ‘चिद्रूप’ यांत ‘द’ येतो, कारण तिथे मुळात ‘तत्’ आणि ‘चित्’ आहेत. इथे तसे काही नाही. तरी मराठीत ‘द’सह ‘विद्रूप’च रुळला. आणि ‘विरूप’ ही मुळात निंदा नव्हे बरे! ऋग्वेदात रात्र आणि उषा यांना हे विशेषण आहे, ते ‘निरनिराळ्या रूपांच्या’ या अर्थाने.

मग ‘कुरूप’ आणि ‘विद्रूप’ यांत फरक काय? कुरूप जन्मतः असू शकते. विद्रूप बहुधा केले जाते. तांब्याला पोचा आला तर आपण त्याला विद्रूप म्हणत नाही. तांबट तो ठोकून सरळ करतो. विद्रूप म्हणताना मात्र कायमचे काही गमावल्याची खंत असते.

बँकेतल्या नोकरीने मला एक सवय लावली : रक्कम एकाच्या नावे पडली, की ती कुणाच्या जमेला गेली हे पाहायचे. हा शब्दही तसाच हिशेब मागतो. आधीचे रूप काय होते? ते बिघडवले कुणी? आणि कशासाठी?

मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा. त्यात इमारत आहे, भिंत आहे, खांब आहे, झाडही आहे. डोंगर नाही. पारसिकच्या रांगेत दगडखाणींनी कापलेले कडे आजही उघडे दिसतात. विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापली गेली, तेव्हा कागदोपत्री शब्द होता ‘सपाटीकरण’. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ हवा होता, हे मीही मान्य करतो. पण जमेची बाजू लिहिताना नावेची बाजू कोरी ठेवायची नसते.

ज्यांनी ती टेकडी पाहिलीच नाही, त्या आपल्या नातवंडांना तिथे काहीच विद्रूप दिसणार नाही. हा शब्द उच्चारायला आधीचे रूप आठवावे लागते. ते त्यांना सांगणे आपल्याच पिढीकडे आहे.