टाहोचं ऊन खरं, पाणी वेगळं

कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून 1,897 मीटर उंचीवर टाहो सरोवर आहे. लांबी 35 किलोमीटर, रुंदी 19 आणि सर्वाधिक खोली 501 मीटर. वॉशो लोकांची ही मूळ भूमी. पुढे नेवाडातल्या चांदीच्या खाणींसाठी इथली जंगलं तुटली, मार्क ट्वेनने 1872च्या ‘रफिंग इट’मध्ये या पाण्याचं तोंड भरून कौतुक केलं, 1960चं हिवाळी ऑलिंपिक शेजारच्या खोऱ्यात भरलं. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं. बे एरियातल्या मराठी घरांना तर टाहो पाठच असतं: हिवाळ्यात बर्फासाठी, उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना दाखवण्यासाठी. ज्याची चौकशी सहसा कुणी करत नाही, ते म्हणजे पाण्याचं तापमान. या सरोवराच्या सौंदर्याइतकाच त्याचा धोकाही तिथेच आहे.

जूनमध्ये काठावरची दुपार विशी ओलांडते, ऊन चटके देतं, वाळू तापते. पाणी मात्र महिना-दोन महिने मागे असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पृष्ठभागाचं पाणी पाच अंशांच्या आसपास असतं, मे-जूनमध्ये ते दहा ते पंधरा अंशांपर्यंत येतं आणि अठरा-वीस अंश गाठायला ऑगस्ट उजाडतो. त्यातही ही ऊब वरच्या थरापुरतीच. तळाशी बारा महिने चार-पाच अंशच. एवढ्या अफाट साठ्यामुळेच कडाक्याच्या थंडीत सगळं सरोवर गोठत नाही आणि त्यामुळेच ते लवकर तापतही नाही. शिवाय नैऋत्येचा जोरदार वारा सलग वाहिला, की वरचं कोमट पाणी पूर्वेकडे ढकललं जातं आणि पश्चिम काठाशी खालचं गार पाणी वर येतं. काल जिथे मुलं डुंबत होती, तिथेच आज पाऊल टाकवत नाही. हवेचं तापमान प्रत्येकाच्या फोनवर दिसतं, पाण्याचं मुद्दाम शोधावं लागतं. माझ्या मते इथल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव हीच.

टाहोची एक दंतकथा मात्र सगळ्यांना ठाऊक असते. इथे बुडालेला माणूस कधी वर येत नाही म्हणे. विख्यात सागरी संशोधक झाक कुस्तो इथे तळाशी गेला आणि जे पाहिलं ते जगाला सोसणार नाही म्हणत वर आला, अशी तिची पुरवणी. कुस्तोने इथे बुडी मारल्याची नोंदच नाही. ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागातला भावाचा खून याच सरोवरात झाल्यामुळे माफियाच्या प्रेतांची भरही कथेत पडली. गंमत अशी की कथेच्या मुळाशी खरं शास्त्र आहे. चार-पाच अंशांत जिवाणूंचं काम जवळपास थंडावतं, पोटात वायू साठत नाही, त्यात वरच्या पाण्याचा दाब. 1994मध्ये बुडालेल्या एका पाणबुड्याचा देह 2011मध्ये सापडला, तो बऱ्याच अंशी शाबूत होता. कथा रंगतदार खरी, पण ती सगळं लक्ष तळाकडे वळवते. माणूस संकटात सापडतो तो पृष्ठभागावर, पहिल्याच मिनिटात.

पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यावर माणूस इच्छा नसताना जोराने श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तेवढंच पुरतं. पुढची दोन-तीन मिनिटं धाप लागते, रक्तदाब चढतो, श्वास रोखणं जमत नाही. त्यातून निभावलं तर दहा-पंधरा मिनिटांत हातापायांतली ताकद ओसरू लागते. शरीर आतून गार पडून शुद्ध जायला बहुधा अर्धा तास किंवा जास्त लागतो. म्हणजे ज्या गारठ्याची आपल्याला भीती वाटते, तो येण्याआधीच बुडण्याची वेळ येऊ शकते.

‘आम्हाला उत्तम पोहता येतं’ हा यावरचा पहिला आक्षेप. कौशल्य उपयोगी पडतं, पण श्वास ताब्यात आल्यानंतर. विहिरीत शिकलेल्या माणसाचा हात पंचविशीच्या पाण्यात तयार झालेला असतो. दुसरा आक्षेप असा, की लोक हौसेने गार पाण्यात पोहतात, काही जण टाहोची सगळी लांबीही पार करतात. करतात, पण आठवड्यांच्या सरावानंतर, हळूहळू उतरून, सोबत होडी ठेवून. सरावाने तो पहिला धक्का खरोखरच कमी होतो. बोटीतून मौजेखातर उडी घेणाऱ्याजवळ त्यातलं काहीच नसतं. राहिला लाइफ जॅकेटचा प्रश्न. आपल्याकडे पाठीवरचा डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा सुटला, की पोरगं पोहायला शिकलं असं मानतात. त्यामुळे मोठेपणी पुन्हा काहीतरी अंगाला बांधणं कमीपणाचं वाटतं. कॅलिफोर्नियाचा कायदाही लहान चालत्या बोटींवर जॅकेट अंगात घालण्याची सक्ती तेरा वर्षांखालच्यांनाच करतो, मोठ्यांसाठी ते बोटीवर असलं म्हणजे झालं. पण हातपाय चालेनासे झाल्यावर तोंड पाण्याबाहेर ठेवणारं दुसरं काही नसतं. 21 जून 2025 रोजी अचानक आलेल्या वादळात, अडीच मीटरच्या लाटांत इथे एक बोट उलटली. दहापैकी आठ जण गेले. वाचलेल्या दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं.

नितळपणाही फसवतो. पाण्यातून पाहताना तळ असतो त्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने वर दिसतो आणि रुबिकॉन पॉइंटसारख्या ठिकाणी तर काठापासून काही हातांवर कडा सरळ खाली जातो. शिवाय हा नितळपणाही घटतो आहे. 1968मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून त्याची मोजणी सुरू झाली, तेव्हा ती सुमारे 31 मीटरपर्यंत दिसे. 2024मध्ये सरासरी 19 मीटरच्या आसपास आली. रस्त्यांवरची बारीक माती आणि शेवाळ वाढवणारी पोषकद्रव्यं ही त्यामागची मुख्य कारणं, आणि त्यावर दोन्ही राज्यांनी खर्चही बराच केला आहे. त्यातला थोडा भाग काठाकाठावर आजचं पाणी किती अंश आहे हे सांगणाऱ्या फलकांवर खर्च झाला, तर पर्यटकाच्या ते अधिक उपयोगी पडेल. सध्या गर्दीचं वेळापत्रक शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतं. जूनमध्ये सँड हार्बर या किनाऱ्यावरची पार्किंग सकाळीच भरून जाते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या ‘लेबर डे’नंतर, पाणी वर्षातल्या सर्वाधिक उबेच्या जवळ असताना, तिथे जागा मिळू लागते.