कडेवरचं शास्त्र

एक छोटा प्रयोग करा. 'त' म्हणा. आता 'ट' म्हणा. जीभ कुठे टेकली? आधी दातांच्या मागे, मग वळून वर टाळूला. यात प्रयोग कसला, असं तुमच्या मनात आलं असेल, कारण तुम्ही मराठी आहात. इंग्रजी ऐकत वाढलेल्या मोठ्या माणसाला हे दोन आवाज ऐकवले, तर बहुतेकांना ते एकच वाटतात.

गंमत पुढेच आहे. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हेच त आणि ट इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ऐकवले. बाळ काही सांगू शकत नाही, म्हणून युक्ती केली. आवाज बदलला की बाजूला ठेवलेलं खेळणं उजळून हलायला लागायचं. हे एकदा कळलं की बाळ आवाज बदलताच आपण होऊन मान वळवायचं. आणि बाळांनी माना वळवल्या! आईबापांना न कळणारा फरक मांडीवरच्या बाळाला कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना मात्र तो कळेनासा झाला होता.

म्हणजे बाळ जगातल्या कुठल्याही भाषेसाठी कान तयार ठेवूनच जन्माला येतं आणि वर्षभरात आपल्या घरात-दारात काय बोललं जातं याचा हिशेब लावून बाकीचं सोडून देतं. गोंदिया जिल्ह्यातल्या बाळाचा हिशेब तर फारच गुंतागुंतीचा. घरात झाडीबोली किंवा पोवारी, शेजारी गोंडी, बाजारात हिंदी, देवरी-सालेकशाकडे छत्तीसगढी. तरी तीन वर्षांचं पोर कुणाशी कसं बोलायचं ते बरोब्बर जाणतं.

मग एवढं सगळं नुसतं कानावर पडून जमतं का? टीव्ही लावून ठेवला तर? अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी हे तपासलं. नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसली, पुस्तकं दाखवत, खेळत. काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखवली. सत्रं दोघांनाही बाराच. माणसाबरोबर खेळलेली बाळं चिनी आवाज ओळखू लागली. चित्रफीत पाहणारी बाळं पडद्याकडे टक लावून बसली होती, पण शिकली काहीच नाहीत. रडणाऱ्या पोराच्या हातात मोबाइल देणाऱ्या सगळ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

तर बाळाला समोर माणूस लागतं, जिवंत आणि लक्ष देणारं. प्रश्न असा की हे माणूस कोण?

जुलैत गोंदियाला आलात तर उत्तर सोपं नाही हे लगेच दिसेल. धानाची रोवणी सुरू असते. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि चिखलात वाकून दिवसभर रोवायचे. बांधीत जवळजवळ सगळ्या बायका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोहफुलं वेचायला जायचं, मेमध्ये तेंदूपानं तोडायला. वर्षातले कितीतरी महिने आईचे दोन्ही हात गुंतलेले. बाळ असतं आजीकडे, नाहीतर दहा-बारा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर.

आणि ही काही गरिबीनं लादलेली नवी सोय नव्हे. सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं आहे की माणूस घडलाच असा. चिंपांझीची आई पहिले कित्येक महिने पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. माणसाची आई मात्र बाळ सहज आजीकडे, मावशीकडे, मोठ्या मुलीकडे देते. याच जिल्ह्यातल्या धानबांध्यांत घरटं करणाऱ्या सारसाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर एक-दोन दिवसांत आईबापामागे चालू लागतं. आपल्याला त्यालाच वर्ष लागतं. इतकं परावलंबी पोर एकट्या आईच्या बळावर जगणं अवघड होतं. ते जगलं अनेकांच्या हातांवर. अनोळखी माणसालाही बोळकं हसून जिंकण्याची बाळाची कला त्यातूनच आली असावी, असं हर्डी मानतात.

महाराष्ट्रात हे थोरल्या बहिणीचं प्रकरण एका बाईंच्या फार लवकर लक्षात आलं. ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर घराघरांत बोलला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द तिथला.

पण मला जास्त थक्क करतं ते पुढचं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत? त्या काळचं सरकारी उत्तर ठरलेलं: आईबाप अडाणी, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. ताराबाई आणि अनुताईंनी बघितलं तर मुली येत नव्हत्या कारण त्यांच्या कडेवर भावंडं होती आणि मुलगे येत नव्हते कारण त्यांच्यापुढे गुरं होती. मग तोडही तशीच काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीनं तान्ह्याला घेऊनच यायचं, पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं. तिचं नाव विकासवाडी. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, दगड साधनं झाली.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्रानं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रातला पहिला प्रकल्प आपल्या विदर्भातला, मेळघाटातल्या धारणीचा. अंगणवाडी गावोगाव गेली. तान्ह्यांचं पाळणाघर मात्र वाटेत कुठेतरी गळलं. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत बसतात, त्याहून लहानग्यांना घरपोच आहार मिळतो, पण दिवसभर त्यांना धरायचं कुणी?

इथे अकरावी-बारावीत बाळं सांभाळायचं शास्त्र शिकू शकणारी सोळा-सतरा वर्षांची विद्यार्थिनी येते. भावंडं सांभाळून तिचे हात सरावलेले असतात. मग तिला शिकवायचं काय उरलं? भरपूर!

पहिली गोष्ट, थांबणं. चौदा महिन्यांचं एक पोर ओट्यावर बसून स्टीलची वाटी खाली टाकतंय. ठण्ण! कुणीतरी उचलून देतं. ठण्ण! पुन्हा. तिसऱ्यांदा घरातलं कुणीही वैतागून वाटी काढून घेईल. शिकलेली ताई काय करते? पोराचे डोळे कुठे आहेत ते बघते. वाटी हातात असताना पोर तिच्याकडे बघतं, सोडल्यावर खाली बघतं, आवाज झाल्यावर पुन्हा तिच्याकडे. म्हणजे हे पोर प्रयोग करतंय आणि निकालाला साक्षीदार मागतंय. ती म्हणते, "पडली!" आणि गप्प राहते. पोर म्हणतं, "पली." आता एखादी चिंधी द्यायची. ती पडते, पण आवाज येत नाही. पोराच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं असतं.

हा खेळ फुगडीसारखा आहे, समोरच्यानं हात सैल सोडला की दुसरा कोलमडतो. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना सांगितलं, बाळाशी छान खेळा आणि मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, शेवटी तोंड फिरवून रडतं. दोन मिनिटांत! ताटावर ताटं वाढणारी, पण मुलांकडे न बघणारी अंगणवाडीतली मदतनीस दिवसभर नकळत हेच करत असते.

दुसरी गोष्ट, मोजणं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे मूल धोक्यात. साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. गुबगुबीत गालांवर भुलायचं नाही, पट्टी काय म्हणते ते लिहायचं. तसेच श्वास. झगा वर करून पोटाकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास, आणि सोबत खोकला असेल तर थेट दवाखाना.

हे काम डॉक्टरांचं, असं वाटतं ना? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठीसुद्धा श्वास मोजायचं साधन केलं: वाळूचं घड्याळ आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. पुढे गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, तर तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगानं त्याची दखल घेतली.

आणि माया? ती शिकवता येते का, हा प्रश्न येतोच. त्यावर एक जुनी, विलक्षण हकिगत आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अनाथालयातल्या दोन खंगलेल्या चिमुरड्या मुलींना मतिमंद ठरवलेल्या मुली-बायकांच्या संस्थेत हलवलं. सहा महिन्यांनी हॅरॉल्ड स्कील्स हे मानसशास्त्रज्ञ तिथे गेले, तर दोन्ही पोरी चुणचुणीत, धावणाऱ्या! तिथल्या मुली-बायकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. मग अशी एकूण तेरा मुलं पाठवली. त्यांचा बुद्ध्यांक सरासरी २८ गुणांनी वाढला. अनाथालयातच राहिलेल्या बारा जणांचा २६ नी घटला. नमुना छोटा आहे आणि त्यावर आक्षेपही आहेत. पण वीसेक वर्षांनंतर शोधलं तेव्हा तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते. ज्यांना जगानं कुचकामी ठरवलं त्यांनी हे केलं. मग ज्या मुलीला माया आहेच, तिला जर पट्टी, मणी आणि थांबण्याची कला दिली तर?

तशी सोय कागदावर आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात अकरावी-बारावीला व्यवसाय अभ्यासक्रम आले. त्यात पाळणाघर आणि पूर्वप्राथमिक शाळा चालवण्याचा विषय होता. पुढे बाल, वृद्ध आणि आरोग्य सेवा असा विषय आला. २०२३ पासून राज्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना बारावी लागते. वय किमान १८ आणि उमेदवार स्थानिक. पण नुसती बारावी, कुठल्याही शाखेची! मला हे खटकतं. बाळाचे श्वास मोजायला शिकलेली मुलगी आणि न शिकलेली मुलगी एकाच रांगेत का? आणि दामही तोकडा. २०२३ मध्ये मदतनिसाला महिना ५,५०० रुपये आणि त्याला पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं. त्याच डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीत मिटला.

एक खबरदारी मात्र हवी. दहा वर्षांच्या बहिणीला शाळा सोडून भावंडं सांभाळायला लावणं वेगळं आणि सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीला शिक्षकाच्या देखरेखीखाली हे काम शिकवणं वेगळं. दुसरं नीट झालं तर पहिलं थांबतं. मुलं सांभाळणं हे मजुरीचं काम मानण्याची छोटी सुरुवात रोजगार हमीच्या कायद्यात होतीच. २००५ च्या कायद्यानं सांगितलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर एका बाईनं ती सांभाळावीत आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी.

आता केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे, सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी, रोज साडेसात तास. रोवणीचा दिवस त्याहून लांब असतो. ताराबाईंनी गुरांच्या वेळेप्रमाणे शाळा कुरणावर नेली होती. मग जुलै-ऑगस्टचे ते काही आठवडे तरी पाळणाघराचं दार सकाळी सातला उघडायला काय हरकत आहे?