वाळवंटाचें ऊन, उपनगराचा दिवा

उन्हापासून शक्ति मिळविण्याची कल्पना मुंबईला नवी नाहीं. हायकोर्टांत डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स ह्या इंग्रज गृहस्थानें कुलाब्यास आपल्या घराच्या आवारांत सपाट आरसे मांडले, त्यांवरून परतणारें ऊन एका बॉयलरवर एकवटलें आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचें एंजिन चालवून दाखविलें. ह्या प्रयोगांवरील त्याचें पुस्तक १८७८ सालीं मुंबईंतच छापलें गेलें. कोळसा महाग आणि ऊन फुकट, हा त्याचा साधा हिशेब होता.

तोच हिशेब आतां वाळवंटांत मांडला जात आहे. तेथें ढग थोडे व जमीन विस्तीर्ण. वाफेचीहि बहुधा गरज पडत नाहीं. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर ऊन पडतांच वीज उत्पन्न होते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथील असंख्य घरांना वीज पुरविणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटी कंपनीनें राजस्थानांत जैसलमेरकडील केंद्राशीं ७०० मेगावॅटचा करार केला. तें केंद्र २०२३ सालीं चालू झालें.

मग विजेचें बिल शून्यावर कां येत नाहीं, असें कोणी विचारील. ऊन फुकट असलें, तरी तीन गोष्टींचें मोल द्यावेंच लागतें.

पहिली गोष्ट वेळ. ऊन दुपारीं भरास येतें. उपनगरांतील दिवे मात्र सूर्य मावळल्यावर लागतात. म्हणून जैसलमेरच्या केंद्रांत पवनचक्क्याहि आहेत, कारण वारा रात्रींहि वाहूं शकतो.

दुसरी गोष्ट वाट. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईस वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या. बाहेरची वीज शहरांत अधिक आणतां यावी, म्हणून २०२३ सालीं खारघर–विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली.

तिसरी गोष्ट जागा. वाळवंट दिसतें तितकें ओसाड नसतें. जैसलमेरच्या कुरणांत गुरें चरतात व दुर्मिळ माळढोक राहतो. ह्या जड पक्ष्याला समोरची तार वेळीं दिसत नाहीं आणि तो तीवर आदळून मरतो. २०२१ सालीं सुप्रीम कोर्टानें तेथील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ सालीं तो शिथिल केला. त्यानेंहि हा वाद पुरता मिटला नाहीं.

ह्यांपैकीं वेळेचें मोल थोडेंसें घरांतूनहि फेडतां येतें. इमारतीच्या टाकींत पाणी चढविणारा पंप किंवा कपडे धुण्याचें यंत्र संध्याकाळऐवजीं दुपारीं चालविलें, तर तेवढी वीज सांठवून ठेवावी लागत नाहीं.