शत्रूच्या कैदेंतील वैमानिक

पायदळांतील सैनिक शत्रूच्या हातीं सांपडतो तेव्हां बहुधा त्याच्या भोंवतीं त्याचे सोबती असतात. संकट येत आहे याची चाहूलही त्यास आधीं लागलेली असते. लढाऊ विमानांतील वैमानिकाचें तसें नसतें. सकाळीं आपल्या तळावर चहा घेऊन निघालेला मनुष्य घटकाभरांतच परमुलखांतील एखाद्या शेतांत हवाई छत्रीच्या दोऱ्यांतून स्वतःला सोडवीत असतो. विमानांतून त्यास बाहेर फेंकणाऱ्या आसनाचा धक्का इतका जबर असतो कीं, पुष्कळदां पाठीचा कणा दुखावतो. शिवाय ज्या भागावर त्यानें नुकताच हल्ला केला असेल, त्याच भागांतील लोकांच्या मध्यें तो उतरतो. अशा वेळीं शत्रूचा गणवेषधारी शिपाई समोर येणें हेंच त्याचें सुदैव ठरतें. कारण क्षुब्ध जमावास कायदा ठाऊक नसतो, शिपायास तो ठाऊक असावा अशी निदान अपेक्षा तरी असते.

हा कायदा म्हणजे १९४९ चा तिसरा जिनीव्हा करार. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें युद्धकैद्यानें आपलें नांव, हुद्दा, जन्मतारीख व सैनिकी क्रमांक एवढेंच सांगणें बंधनकारक आहे. त्याहून अधिक माहिती काढण्यासाठीं त्याचा छळ करतां येत नाहीं. पकडल्याचें कार्ड घरीं धाडण्याचा हक्क त्यास आहे. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनीं छावणीस भेट देण्याची तरतूद आहे. मेजरच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास दरमहा ५० स्विस फ्रँक इतकी रक्कम हातखर्चास द्यावी, असेंही त्यांत नमूद आहे. पळून जाण्याचा प्रयत्न फसला तर तो गुन्हा न मानतां केवळ शिस्तभंग मानावा, आणि त्याची शिक्षा तीस दिवसांहून अधिक असूं नये, हें कलम तर विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कैद्यानें पळण्याची इच्छा धरणें स्वाभाविक आहे, हें या करारानें जणूं मान्यच केलें आहे.

परंतु कागदावरील हीं कलमें कोठडीच्या अंधारांत कितपत उपयोगीं पडतात, याचें उत्तर फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांच्या हकीकतींत मिळतें. १९६५ च्या युद्धांत शत्रूच्या गोळीनें उजवा खांदा जायबंदी झाला असतांही, उडी टाकण्याचा सल्ला न मानतां, यांनीं आपलें विमान तळावर परत आणिलें होतें. पुढें १० डिसेंबर १९७१ रोजीं जफरवालच्या बाजूस हल्ला करीत असतां त्यांचें सुखोई विमान पडलें आणि ते पाकिस्तानच्या हातीं सांपडले. आपण कधीं कैदी झालोंच तर पळून येऊं, असें त्यांनीं आपल्या वरिष्ठास पूर्वींच बोलून ठेविलें होतें.

त्यांना रावळपिंडी येथील हवाईदलाच्या बंदिशाळेंत नेण्यांत आलें. पहिले दिवस एकांतवासाचे व उलटतपासणीचे होते. एकांतवासाचा खरा मार अंगावर बसत नाहीं, मनावर बसतो. सोबती जिवंत आहेत कीं नाहींत, युद्ध कोठवर आलें, घरीं काय कळविलें गेलें, यांपैकीं कशाचीच वार्ता लागत नाहीं. आणि प्रश्न विचारणाराच काय तो बोलावयास मिळतो. नाताळच्या दिवशीं मात्र या साऱ्या वैमानिकांना प्रथमच एकत्र बसूं देण्यांत आलें. ते बारा जण होते. विंग कमांडर कोएल्हो हे त्यांत सर्वांत वरिष्ठ. कांहींचे कणे व पाय जायबंदी झालेले होते. तरीही त्या दिवसापासून कोठड्यांतील एकेकट्या मनुष्यांची पुन्हा एक तुकडी झाली. वरिष्ठ कोण, आज्ञा कोणाची, आजाऱ्याकडे कोणीं पाहावें, हें ठरलें. आणि कैदेंतील दिवसाला कांहीं आकार आला.

युद्ध १६ डिसेंबरला ढाक्याच्या शरणागतीनें संपत आलें, पण कैद संपली नाहीं. भारताच्या ताब्यांत सुमारें ९३ हजार बंदी होते. त्यांचा प्रश्न दोन सरकारांच्या वाटाघाटींत अडकला आणि हे बारा जण त्या प्रश्नाच्या शेपटाला बांधले गेले. जुलै १९७२ मध्यें सिमल्याचा करार झाला, तरी सुटकेची तारीख कोणीच सांगूं शकेना. अशा स्थितींत पळावें कीं वाट पाहावी? प्रश्न सोपा नव्हता. युद्ध थांबलें आहे, आज ना उद्यां सुटका होईलच, मग जीव धोक्यांत कां घालावा, हा एक विचार. मागें राहणाऱ्यांना त्याचे परिणाम भोगावे लागतील, हा दुसरा. परुळकरांचें मन या दोहोंनींही वळलें नाहीं. मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे त्यांचे साथीदार झाले; बाकीच्यांनीं मदत केली.

ही मदत कशी होती हें पाहण्याजोगें आहे. हातखर्चाच्या पैशांतून शिल्लक टाकून वाटखर्च जमला. शाळेंतील नकाशापुस्तकांतून नकाशा मिळाला. कामत यांनीं शिवणाची सुई चुंबकित करून होकायंत्र बनविलें. वैमानिकाच्या दाबपोषाखांतील हवेची पिशवी पाणी नेण्यासाठीं ठेवली. पठाणी वेष मिळविला. कोठडीच्या भिंतींतील विटांभोंवतालचा चुना रात्रीं थोडथोडा खरवडून त्या सैल करण्यांत आल्या. पूर्वेकडे, हिंदुस्थानच्या बाजूस, सरहद्दीवर सैन्याची दाटी होती. म्हणून पश्चिमेकडे, खैबर खिंडींतून अफगाणिस्तान गांठावयाचें ठरलें.

१२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तिघे भिंतीच्या भोकांतून बाहेर पडले. रावळपिंडीच्या रस्त्यावर रात्रीच्या खेळाचे प्रेक्षक सिनेमागृहांतून घरीं परतत होते. त्या गर्दींत हे मिसळले. बसनें पेशावर, तेथून पुढें लंडी कोतल, असा प्रवास दुसऱ्या दिवसाच्या सकाळींच पार पडला. सरहद्द आतां अवघ्या कांहीं मैलांवर होती.

येथें नकाशानें दगा दिला. त्यांत पुढचें स्थानक म्हणून लंडी खाना दाखविलें होतें, आणि तिघांनीं त्याचीच वाट विचारली. पण तें स्थानक १९३२ सालींच बंद पडलेलें! जें स्थानक चाळीस वर्षें नाहीं, त्याची चौकशी करणारे हे परके कोण, असा संशय लोकांस आला. त्या काळीं पाकिस्तानांत अडकलेले बंगाली याच वाटेनें निसटत असत. हेही त्यांतलेच असावेत असें वाटून त्यांना तहसील कचेरींत नेण्यांत आलें. आपण पाकिस्तानी हवाईदलांतील ख्रिस्ती व मुसलमान नोकर असून रजेवर आलों आहोंत, असें त्यांनीं सांगितलें. तें कोणासही पटलें नाहीं.

आतां मोठें भय निराळेंच होतें. टोळीवाल्यांच्या त्या मुलखांत, कोठेंही नोंद नसलेल्या तीन अनोळखी माणसांचें काय झालें, हें पुढें कोण विचारणार? परुळकरांनीं त्या क्षणीं जें केलें तें भिंत फोडण्याहून अधिक शहाणपणाचें होतें. बंदिशाळेचे पूर्वींचे अधिकारी आतां पाकिस्तानी हवाईदलप्रमुखांच्या खास तैनातींत आहेत, हें त्यांना ठाऊक होतें. त्यांच्याशीं टेलिफोनवर बोलूं द्या, असा हट्ट त्यांनीं धरला. बोलणें झालें, पलीकडच्या अधिकाऱ्यानें सारा प्रकार ओळखला आणि हीं माणसें आपलीं आहेत, त्यांना धक्का लावूं नये, असें तहसीलदारास बजावलें. पळालेले कैदी पुन्हा कैदी झाले, पण नांव असलेले कैदी झाले.

मग जिनीव्हाचें तें कलम उपयोगीं आलें. तिघांना एकांतवासाची शिक्षा झाली. मागें राहिलेल्या सोबत्यांना लायलपूरच्या छावणींत हलविण्यांत आलें. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजीं सारे वाघ्याच्या वाटेनें मायदेशीं परतले. परुळकर पुढें ग्रुप कॅप्टन झाले. १० ऑगस्ट २०२५ रोजीं त्यांचें निधन झालें.

या हकीकतींत धाडस आहे, आणि लोक तेंच लक्षांत ठेवितात. परंतु कैद्यास जिवंत ठेवणाऱ्या गोष्टी अधिक साध्या आहेत: सोबत्यांची संगत, दिवसाचें कांहीं काम, आणि सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे कोणत्या तरी यादींत लिहिलेलें आपलें नांव. १९७१ च्या युद्धांत बेपत्ता झालेल्या ज्या जवानांचीं व वैमानिकांचीं नांवें अशा कोणत्याच यादींत आलीं नाहींत, त्यांच्या घरच्यांनीं पुढें कित्येक वर्षें दाराकडे डोळे लावून काढलीं. त्या यादींतील एका ओळीचें मोल काय, हें त्या घरांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?