लहान घर, नेटकी मांडणी

बंगळूरची चामराजपेट वसाहत १८९२ मध्ये वसली. अशा जुन्या धाटणीच्या घरांत भिंतींच्या जाडीतच फडताळे व कोनाडे काढलेले असत; वर माळा असे, ज्यास कन्नडमध्ये 'अट्ट' म्हणतात. जमीन मोकळी ठेवून उंचीचा उपयोग करण्याचे हे सूत्र आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेलाही लागू पडते.

रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या फळ्यांवर, जड भांडी खाली आणि सणासुदीचे सामान माळ्यावर ठेवावे. गाद्या-रजया दिवाणाच्या पोटात सामावतात. ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट चार बोटे दूर असावे.

खरा प्रश्न मौल्यवान वस्तूंचा. खरेदीखत, दागिने यांची जागा माळ्यावर नव्हे, लॉकरमध्ये. मात्र १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरले आहे. भाडे ३,००० रुपये असल्यास ३ लाख रुपये. भूकंप, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत हे दायित्व नसते. म्हणून आपण वस्तूंची यादी घरी ठेवावी, नामनिर्देशन करावे आणि दागिन्यांचा विमा स्वतंत्रपणे उतरवावा.