काचेचं भोक मोठं करताना...

नळ गळायला लागला, मिक्सर बिघडला, की आपण लगेच माणूस बोलावतो. पण 'माशांच्या टाकीचं भोक लहान पडतंय, तेवढं मोठं करून द्या' हे सांगायला जायचं कुणाकडे? कोल्हापुरात काचवाले आहेत, मासे विकणारी दुकानं आहेत, उद्यमनगरात तर लोखंडाला हवा तो आकार देणारे कारागीर आहेत. पण हे काम म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेली. ते गेले, त्यानंतर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. दुपारभर त्या टाकीसमोर खुर्चीत बसतात. बोलणं अडखळतं, पण गोल्डफिश वर आला की "भूक लागली त्याला" एवढं मात्र स्पष्ट म्हणतात.

या टाकीच्या खाली गाळणीची दुसरी टाकी आहे. पंप खालचं पाणी वर ढकलतो आणि मागच्या काचेच्या भोकातून ते आपल्या वजनानं पुन्हा खाली येतं. ज्यानं हे भोक पाडलं त्यानं अर्ध्या इंची पाइपापुरतंच पाडलं. पंपाचा जोर जास्त, उतरायची वाट लहान. त्यात एखादं पान अडकलं की पाणी काठावरून थेट फरशीवर! वॉकर घेऊन चालणारी सत्तरीपुढची बाई, ओली फरशी आणि शेजारी विजेचा बोर्ड. माझा जीव थाऱ्यावर राहीना.

सल्ले भरपूर मिळाले. "नवी टाकी घ्या." "मासे रंकाळ्यात सोडून द्या." मैत्रिणींनो, हा दुसरा सल्ला कधीच ऐकू नका. घरातले परदेशी मासे तळ्यात वाढले तर तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर उठतात. आणि आईंची टाकी हलवायची नाही, हे माझं ठरलं होतं.

मग मी माहिती काढायला लागले. पाइपाचा व्यास दुप्पट केला की पाणी जायची जागा चौपट होते. म्हणजे अर्ध्या इंचाऐवजी एक इंची जोड बसवला तर काम होणार होतं. पण आधी काच कुठली ते बघावं लागतं. टफन्ड काचेला भोक पाडताच येत नाही, क्षणात तिचा चुरा होतो. काही तयार टाक्यांचा तळ अशा काचेचा असतो. खात्री नसेल तर हात लावू नये. आमची काच साधी होती. शिवाय भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर उरायला हवं. तेही उरत होतं.

खरी अडचण वेगळीच. काचेला भोक पाडायचा हिऱ्याची कणी लावलेला वाटीसारखा बिट असतो. त्याला मधे टोक नसतं. कोऱ्या काचेवर तो कसाबसा धरता येतो, पण आधीच भोक असेल तर घसरतो. उपाय सोपा निघाला. प्लायवूडच्या तुकड्याला नव्या मापाचं भोक पाडायचं, तो जुन्या भोकावर मधोमध बसवून शिकंज्यानं आवळायचा. बिट त्यातच फिरतो, इकडंतिकडं जात नाही. माप मात्र हातात घेतलेल्या जोडाच्या आट्यांवरूनच घ्यायचं, पाइपावरून नाही.

एक काचवाले मामा तयार झाले, पण म्हणाले, "वहिनी, काच हाय ती. तडकली तर मला बोलू नका." मी म्हटलं, "मामा, आधी रद्दी काचेवर करून बघूया." दोन तुकड्यांवर हात बसला, मग टाकीकडे वळलो. मासे टाकीच्याच पाण्यात, टबात, हवेच्या पंपासह. गाळणीचा स्पंज त्याच पाण्यात भिजत ठेवला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. ड्रिल बॅटरीवरचं, कारण पाणी आणि वीज एकत्र नको. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. गती कमी, दाब हलका. लेक बाटलीनं पाण्याची धार धरून होती. काच तापू द्यायची नाही आणि भुकटी उडू द्यायची नाही. काचेमागे लाकडाचा आधार, म्हणजे शेवटी टवका उडत नाही. वीसेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग काचेची गोल चकती मामांच्या हातात आली.

कडा ओल्या पॉलिशपेपरनं घासल्या, जोड रबरी वॉशर लावून हातानंच आवळला. पान्यानं जास्त पिळलं तर काच तडकते. मग टाकी भरून खाली वर्तमानपत्र घातलं आणि चोवीस तास थांबलो. कागद कोरडा! तेव्हाच मासे परत आले.

लाइट गेल्यावर पंप थांबतो आणि वरचं थोडं पाणी खाली उतरतं. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी हवी. म्हणून एकदा मुद्दाम बटण बंद करून बघितलं. पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलं.

नवी टाकी करून घ्यायची असेल तर काच कापायच्या आधीच दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. पंप तासाला किती लिटर ढकलतो? आणि तेवढं पाणी उतरायला भोक केवढं? उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.