लाटांवर आरूढ होणारीं माणसें

गेल्या मार्गशीर्षांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्हांस होनोलुलूस जाण्याचा योग आला. तो तेथें नोकरीनिमित्त राहतो. निघतांना वहिनींनीं बजावलें होतें, "भावोजी, पोर तिकडे समुद्राच्या नादीं लागलें आहे म्हणतात, तेवढें बघा."

होनोलुलू हें हवाई द्वीपसमूहांतील ओआहू बेटावरचें शहर. तेथून बेट ओलांडून उत्तरेस सुमारें ३० मैल गेलें म्हणजे हालेइवा हें टुमदार गांव लागतें. १९२१ सालचा दुहेरी कमानीचा पूल, जुनीं लाकडी दुकानें आणि बर्फाच्या किसावर रंगीत सरबत ओतून देणारे दुकानदार, एवढेंच त्याचें वैभव. पुढें सात मैलांच्या टापूंत वाइमेआ, पाइपलाइन, सनसेट हे प्रसिद्ध किनारे ओळीनें आहेत.

उन्हाळ्यांत हा समुद्र तळ्यासारखा शांत असतो. हिंवाळ्यांत मात्र उत्तर पॅसिफिकमधील वादळांच्या लाटा दोन-तीन दिवसांचा प्रवास करून येथें येतात आणि खोल पाण्यांतून एकदम उथळ तळावर आल्यामुळें वीस-तीस फूट उंच उभ्या राहतात. फळीवर उभें राहून अशा लाटेवरून घसरत येणें यास हवाई भाषेंत 'हेए नालू' म्हणतात. 'हेए' म्हणजे घसरणें व 'नालू' म्हणजे लाट. आपण यास 'तरंगारोहण' म्हणावें. ही क्रीडा तेथें पुरातन असून राजे, प्रजा, स्त्रिया, सारींच तींत रमत. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारा ड्यूक कहानामोकू हा याच बेटाचा. त्यानें ती ऑस्ट्रेलियासारख्या दूरदेशींही लोकप्रिय केली.

वाइमेआस पोंचतांच पुतण्यानें फळी बगलेंत घेतली. समोर लाटा मेघांसारख्या गर्जत होत्या. आमच्या पोटांत गोळा उठला. पण तिशींतल्या पुरुषास अडवावें तरी कसें? तो अर्धा तास वाळूवर उभा राहून नुसता पाहात होता. मग जीवरक्षकाशीं दोन शब्द बोलून परत आला.

"काका, आजचा समुद्र माझ्या आवांक्यांतला नाहीं. चला, तुम्हांला बर्फ खाऊं घालतों."

वाटेंत त्यानें एडी आयकाऊची हकीकत सांगितली. एडी १९६८ पासून या किनाऱ्यावर जीवरक्षक होता. प्रचंड लाटांवर स्वार होण्यांत त्याचा हातखंडा. तरी लोक त्यास विशेष स्मरतात तें बुडत्यांना वांचविल्याबद्दल. १९७८ च्या मार्चमध्यें 'होकुलेआ' ही जुन्या पद्धतीची नौका भर समुद्रांत उलटली, तेव्हां मदत आणण्यास तो फळीवरून एकटाच निघाला. सोबती वांचले, एडी मात्र पुन्हा दिसला नाहीं. त्याच्या स्मरणार्थ वाइमेआस होणारी स्पर्धा लाटा पुरेशा उंच नसतील तर वर्षानुवर्षें भरत नाहीं. २००९ नंतर ती एकदम २०१६ सालीं भरली.

वर्गांत आम्ही धाडसाचे गोडवे पुष्कळ गाइले. मागें फिरण्याचा धडा मात्र कधीं दिला नाहीं. त्या रात्रीं वहिनींस पत्रांत एवढेंच लिहिलें: "पोर समुद्राच्या नादीं लागलें आहे हें खरें, परंतु समुद्राकडून तें थांबावयासही शिकलें आहे. काळजी नसावी."